मागच्या ड्रम ब्रेकचं ओव्हरहॉलिंग: लायनर बदलले म्हणजे काम झालं असं नाही

चाकाबरोबर फिरणारा ड्रम उघडला, झिजलेले लायनर (शूवरचं, ड्रमला घासणारं अस्तर) काढले, नवे बसवले, ड्रम परत लावला. मागच्या ब्रेकचं काम बहुतेक वेळा इथेच संपतं. मग काही आठवड्यांत पेडल पुन्हा खोल जायला लागतं, हँडब्रेक पुन्हा वर येतो आणि खापर नव्या लायनरवर फुटतं. लायनरचा दोष क्वचितच असतो. त्यांना ड्रमपासून नेमक्या अंतरावर ठेवणारा ॲडजस्टर, ज्या जागांवर शू (लायनर बसवलेल्या कमानदार पट्ट्या) सरकतात त्या बॅकप्लेटच्या, म्हणजे ड्रममागच्या न फिरणाऱ्या पत्र्याच्या, उंचवट्याच्या जागा आणि शूंना ढकलणारा व्हील सिलिंडर, या तिघांना कुणी हातच लावलेला नसतो. खरं ओव्हरहॉलिंग म्हणजे या तिघांचं काम. लायनर बदलणं हा त्यातला सोपा भाग.

खाली दिलेली पद्धत छोट्या आणि मध्यम प्रवासी गाड्यांत सर्रास असणाऱ्या रचनेसाठी आहे: वर एक व्हील सिलिंडर, खाली शूंची टोकं टेकण्याचा पक्का आधार, स्वतःहून घट्ट होणारा ॲडजस्टर आणि त्याच शूंवर चालणारा हँडब्रेक. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

आत काय चालतं

पेडल दाबलं की व्हील सिलिंडरमधले दोन पिस्टन दोन्ही शूंची वरची टोकं बाहेर ढकलतात. गाडी पुढे जात असताना ड्रमचं फिरणं पुढच्या शूला स्वतःबरोबर ओढून आणखी घट्ट दाबतं, मागच्या शूला मात्र ते उलट आत लोटतं. म्हणून पुढचा शू जास्त काम करतो आणि जास्त झिजतो. हे एकदा समजलं की जुने लायनर पाहूनच बरंच निदान होतं. पुढचा थोडा पातळ, मागचा थोडा जाड असेल तर सगळं ठीक. मागचा जास्त झिजलेला दिसला तर सिलिंडरचा पुढचा पिस्टन अडकल्याची शंका घ्या. लायनर वरच्या टोकाला एक आणि खालच्या टोकाला एक असा तिरका झिजला असेल तर शू बॅकप्लेटवर सरळ सरकत नाहीये. डाव्या-उजव्या चाकांत मोठा फरक असेल तर एका बाजूचा ॲडजस्टर किंवा हँडब्रेकची केबल जाम आहे. त्यामुळे जुने शू लगेच भंगारात टाकू नका. चारही शू काढले त्याच क्रमाने जमिनीवर मांडून ठेवा आणि काम संपेपर्यंत तिथेच राहू द्या.

धुळीबद्दल

जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि नसला तरी ब्रेकची बारीक धूळ फुफ्फुसात जाणं वाईटच. ड्रम काढल्यावर हवेच्या पाइपने धूळ उडवायची नाही, तोंडाने फुंकरही मारायची नाही. खाली पसरट ट्रे ठेवा, ब्रेक क्लीनरने सगळं आधी ओलं करा आणि धूळ चिखलासारखी खाली उतरू द्या. सुक्या ब्रशने झाडणं टाळा. मास्क, हातमोजे आणि चष्मा तिन्ही वापरा. चष्मा स्प्रिंगसाठीही लागतो, कारण वरची ताणलेली स्प्रिंग सुटली तर ती थेट तोंडाच्या दिशेने येते.

तयारी

शू नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे. सोबत स्प्रिंग आणि शूंना बॅकप्लेटला धरून ठेवणाऱ्या पिना व वाट्या यांचा नवा संच घ्या. स्प्रिंग तापून तापून ढिल्या पडतात आणि ढिली स्प्रिंग शूला पूर्ण मागे खेचत नाही. जुनी स्प्रिंग निळसर पडलेली असेल किंवा आराम स्थितीत तिच्या वेटोळ्यांमध्ये फट दिसत असेल तर ती संपली आहे. बंद डब्यातलं नवं ब्रेक ऑइल, ब्रेक क्लीनर, ब्रेकसाठीचं जास्त तापमान सोसणारं ग्रीस आणि पारदर्शक नळी लागेल.

हत्यारांत एका गोष्टीवर मी अडून बसेन: ब्रेक पाइपच्या नटसाठी खाच असलेला खास रिंग पाना. साध्या फिक्स पान्याने हा नट गोल होतो आणि एकदा गोल झाला की पाइपच बदलावा लागतो. बाकी पकड, दोन स्क्रू ड्रायव्हर, रबरी हातोडी, व्यास मोजायचा कॅलिपर आणि ठरलेल्या जोराने आवळण्यासाठी टॉर्क पाना.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावा, कारण आता हँडब्रेक सोडावा लागणार आहे. जॅकने उचलून गाडी स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली काम करू नका.

ड्रम काढताना

हँडब्रेक पूर्ण खाली करा. ड्रमला छोटे स्क्रू असतील तर ते काढा. बऱ्याच ड्रमवर दोन मोकळी आट्यांची भोकं असतात. ती ड्रम काढण्यासाठीच दिलेली असतात, बहुतेकदा ८ मिलिमीटर व्यासाच्या बोल्टची. दोन्हीकडे बोल्ट घालून आळीपाळीने थोडे थोडे आवळा, ड्रम हबवरून (चाक बसतं त्या मधल्या भागावरून) सुटतो. गंजाने चिकटला असेल तर हब आणि ड्रमच्या सांध्यावर गंज सोडवणारं तेल थेंबभर टाका, आत जाऊ देऊ नका, आणि स्टडच्या मधल्या सपाट भागावर रबरी हातोडीने ठोका. ड्रमच्या कडेवर ठोकलं तर तो बिडाचा असल्याने तडकतो.

ड्रम हबवरून सुटून फिरतो, पण बाहेर येत नाही, असं झालं तर आत कडेला पडलेला काठ शूंना अडकतोय. इथे जबरदस्ती केली तर पिन आणि वाट्या वाकतात. बॅकप्लेटच्या मागच्या बाजूला रबरी बुच असलेलं भोक असतं. त्यातून एका स्क्रू ड्रायव्हरने ॲडजस्टरची छोटी पट्टी दातांपासून दूर धरा आणि दुसऱ्याने दात असलेली चकती उलटी फिरवा. शू आत येतात आणि ड्रम अलगद निघतो.

काही गाड्यांत बेअरिंग ड्रममध्येच असतं. तिथे मधली टोपी आणि मोठा नट काढावा लागतो. हा नट परत बसवताना नवाच वापरा आणि कंपनीने दिलेल्या टॉर्कलाच आवळा.

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू हा तुमचा नमुना आहे. शंका आली की तिकडचा ड्रम काढून बघता येतं, फक्त ती आरशातल्यासारखी उलटी आहे हे लक्षात ठेवा.

खोलण्याआधी बघणं

क्लीनर मारायच्या आधी दोन मिनिटं नीट बघा. ओलं कुठे आहे? व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीची कड नखाने उचला. आत किंचित ओलसर चालतं, पण थेंब ओघळला तर सिलिंडर गेला. मधल्या भागातून दाट, उग्र वासाचं तेल येताना दिसलं तर ते ॲक्सलच्या सीलमधून येतंय. मागच्या चाकांना इंजिनची ताकद मिळणाऱ्या गाड्यांत हे नेहमीचं. सील न बदलता नवे शू लावले तर तेही भिजणार. तेल लागलेला लायनर पेट्रोलने धुऊन, जाळून किंवा घासून वाचत नाही, तो फेकायचाच.

लायनरची जाडी मोजा. चिकटवलेल्या लायनरची लोखंडी पट्टीच्या वर बहुतेक गाड्यांत किमान १ ते १.५ मिलिमीटर जाडी उरलेली हवी. रिव्हेट असतील तर मोजमाप रिव्हेटच्या डोक्यापासून.

आता चारी बाजूंनी फोटो काढा. कोणती स्प्रिंग कोणत्या भोकात, तिचं टोक पुढून अडकवलंय की मागून, हे फोटोत स्पष्ट दिसायला हवं.

शू काढताना एक बोट बॅकप्लेटच्या मागे पिनच्या डोक्यावर ठेवा, पकडीने पुढची वाटी दाबा आणि ९० अंश फिरवा, पिन सुटते. दोन्ही पिना निघाल्या की शूंची खालची टोकं आधारावरून पुढे ओढा. खालची स्प्रिंग ढिली होते. मग वरची टोकं सिलिंडरवरून सोडवली की सगळा संच हातात येतो, फक्त हँडब्रेकची केबल अडकलेली राहते. केबलची स्प्रिंग मागे दाबून तिचं टोक लिव्हरच्या खाचेतून काढा. या काळात कुणीही ब्रेक पेडलला पाय लावायचा नाही, नाहीतर पिस्टन सिलिंडरबाहेर येतात.

बॅकप्लेट आणि ॲडजस्टर

बॅकप्लेटवर शूंच्या कडा टेकण्यासाठी काही उंच सपाट जागा असतात, बहुतेकदा सहा. त्यांवरून बोट फिरवा. हजारो वेळा शू घासून तिथे बारीक चर पडतात, डोळ्याला पटकन दिसत नाहीत, पण बोटाला कळतात. ब्रेक सोडल्यावर शू त्या चरात अडकतो आणि मग कुठूनतरी टक असा आवाज येतो किंवा चाक किंचित धरून राहतं. उथळ चर कानशीने सपाट करा. खोल असेल तर प्लेट बदला. साफ करून प्रत्येक जागेवर ग्रीसचा पातळ थर लावा, बोटावर डाग पडेल एवढाच. जास्त लावलेलं ग्रीस तापून वितळतं आणि लायनरवर पोहोचतं.

ॲडजस्टर म्हणजे आट्यांचा एक दांडा, त्यावर दात असलेली चकती आणि तिला ढकलणारी पट्टी. लायनर झिजला की पट्टी चकती एक दात पुढे सरकवते, दांडा लांब होतो आणि शू ड्रमच्या जवळ राहतात. आटे गंजले की हे सगळं थांबतं, शू दूर राहतात, आणि पेडलला आधी ती पोकळी भरावी लागते. पेडल खोल जाण्याचं सगळ्यात साधं कारण हेच. दांडा पूर्ण उघडा, तारेच्या ब्रशने आटे घासा, थोडं ग्रीस लावा आणि परत फिरवून बघा. दोन बोटांनी शेवटपर्यंत सहज फिरला पाहिजे. कुठेही अडखळला तर पुन्हा साफ करा. चकतीचे दात टोकाला गोल झाले असतील किंवा पट्टीची धार बोथट असेल तर नवा संच घ्या.

या दांड्याचे आटे एका बाजूला सरळ आणि दुसऱ्या बाजूला उलटे असतात. डाव्या-उजव्याची अदलाबदल झाली तर बसतो बरोबर, दिसतो बरोबर, पण पट्टी चकती फिरवेल तसा दांडा लांब होण्याऐवजी आखडतो. पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा माझ्याकडून हेच झालं होतं. दोन्ही बाजू एकदम खोलल्या, सुटे भाग एकाच ट्रेमध्ये धुतले. दर आठवड्याला पेडल थोडं थोडं खाली जात राहिलं. मी तीन वेळा ब्रेकच्या पाइपांतली हवा काढली, पेडलने चालणाऱ्या मास्टर सिलिंडरवर संशय घेतला, आणि शेवटी ड्रम उघडला तेव्हा शू जवळजवळ पूर्ण आत आलेले होते. तेव्हापासून एका बाजूचे सुटे भाग दुसऱ्या बाजूला जाणार नाहीत अशी व्यवस्था केल्याशिवाय मी काम सुरूच करत नाही. दांड्यावर बहुतेकदा बाजूची खूण असते. ती शोधा.

व्हील सिलिंडर

रबर किट टाकायचं की अख्खा सिलिंडर बदलायचा? किट स्वस्त पडतं, पण आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत असेल तरच ते टिकतं. नखाला लागेल असा एकही खड्डा असेल तर नवं रबर त्या खड्ड्यावरून जाऊन फाटतं. माझं मत स्पष्ट आहे: गळती असेल किंवा पिस्टन जड चालत असेल तर अख्खा सिलिंडर बदला, तोही दोन्ही बाजूंचा.

आधी पाइपचा नट सोडवा, सिलिंडरचे बोल्ट नंतर. नट फिरताना पाइपकडे लक्ष ठेवा. पाइप नटबरोबर पिळला जात असेल तर थांबा, गंज सोडवणारं तेल टाकून वाट बघा, मग थोडं पुढे, थोडं मागे असं हलवत सोडवा. पाइप सुटला की त्याच्या तोंडावर रबरी टोपी बसवा, म्हणजे मास्टर सिलिंडरची टाकी रिकामी होत नाही. एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत ही टाकी कोरडी पडू देणं महागात पडतं, कारण एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर ती काढायला अनेकदा स्कॅनर लागतो.

नवा सिलिंडर बसवताना क्रम उलटा. सिलिंडर बोल्टने सैलसर धरून ठेवा आणि पाइपचा नट आधी हाताने तीन-चार आटे फिरवा. सिलिंडर थोडा हलता असताना आटे सरळ लागतात. तो घट्ट करून मग नट लावायला गेलात तर आटे तिरके चढतात आणि नव्या सिलिंडरचेच आटे मरतात. नट हाताने लागल्यावर मग बोल्ट, आणि शेवटी पान्याने नट. रबराच्या भागांना पेट्रोल, डिझेल किंवा साधं ग्रीस लागू देऊ नका, ते फुगतात.

ड्रम

ड्रमवर जास्तीत जास्त आतला व्यास ओतीव अक्षरांत लिहिलेला असतो. नव्या ड्रमपेक्षा तो साधारण १ ते २ मिलिमीटर जास्त असतो. कॅलिपरने दोन-तीन दिशांनी मोजा. दिशेनुसार फरक पडला तर ड्रम लंबगोल झालाय आणि ब्रेक मारताना पेडल पायाखाली थरथरणार. मर्यादेत असेल तर खरादावर दोन्ही ड्रम सारखे कापून घ्या. मर्यादा ओलांडली असेल तर नवे घ्या. दोरीवर टांगून हातोडीने हलकेच वाजवा: चांगला ड्रम घणघणतो, तडकलेला बद्द वाजतो. नव्या ड्रमला गंजू नये म्हणून तेल लावलेलं असतं, ते ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसा.

जोडणी आणि मोजून सेट करणं

हँडब्रेकचा लिव्हर जुन्या मागच्या शूवरून नव्यावर घ्या, क्लिप नवी लावा. इथून पुढे लायनरला हात लावताना हातमोजे बदला. केबल लिव्हरला अडकवा, ॲडजस्टर आखडलेल्या स्थितीत दोन शूंमध्ये धरा, वरच्या स्प्रिंगसकट संच सिलिंडरवर टेकवा, पिना लावा आणि शेवटी खालची स्प्रिंग. हँडब्रेकचा लिव्हर शूवरच्या आपल्या थांब्याला पूर्ण टेकला आहे का ते बघा. तो एक मिलिमीटरही वर उचललेला असेल तर केबल ताणलेली आहे. केबलचा ॲडजस्टिंग नट आधी पूर्ण सैल करा. काम बिघडतं ते बहुतेकदा इथे: केबल ताणलेली असताना ब्रेक सेट केला तर शू कधीच पूर्ण मागे जात नाहीत आणि ॲडजस्टर चालत नाही.

हाताने दोन्ही शू वर-खाली थोपटून मध्यावर आणा. आता ड्रमचा आतला व्यास कॅलिपरवर धरा, शूंचा बाहेरचा व्यास त्यापेक्षा साधारण अर्धा मिलिमीटर कमी होईपर्यंत चकती फिरवा. ड्रम सरकवून बसवा आणि हाताने फिरवा. अगदी हलका, सलग खरखर आवाज यावा, पण ड्रम अडू नये. एकाच जागी आवाज येऊन थांबत असेल तर शू मध्यावर नाहीत. पेडल दोन-तीनदा दाबून पुन्हा फिरवून बघा. पण दोन्ही ड्रम बसल्याशिवाय पेडल दाबायचं नाही.

हवा काढणं

गाडीच्या मॅन्युअलमध्ये ब्रेक ऑइलचा कोणता दर्जा, डॉट ३ की डॉट ४, लिहिला आहे ते पाहून तेच ऑइल घ्या. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं: डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, ओलावा शोषल्यावर हीच किमान मर्यादा १५५ वर येते. म्हणून अर्धी उघडी बाटली ठेवून पुढच्या वेळी वापरू नका. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचलतो.

मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात हा नेहमीचा नियम आहे. पुढचं एक आणि तिरक्यातलं मागचं एक चाक अशा तिरक्या जोडीच्या सर्किटमध्ये क्रम वेगळा असू शकतो, मॅन्युअल बघा. सिलिंडरवरच्या हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. सोबत्याने पेडल सावकाश दाबून धरायचं, तुम्ही निपल पाव फेरा उघडायचा, बंद करायचा, मग त्याने पेडल सोडायचं. जुन्या गाडीत पेडल तळाला टेकवू नका. मास्टर सिलिंडरचं रबर कधी न गेलेल्या गंजक्या भागात जाऊन फाटतं. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा. दर पाच-सहा दाबांनंतर टाकी भरा.

मागची चाकं लोंबकळत असताना ऑइल अगदी हळू येत असेल तर भारानुसार ब्रेक वाटणारा व्हॉल्व्ह बंद झालेला असतो. मागच्या ॲक्सलला जोडलेली त्याची पट्टी, गाडी जमिनीवर असते तशा स्थितीत धरली की ऑइल मोकळं येतं. निपल हलक्या हाताने आवळा, तो पोकळ असतो आणि सहज तुटतो.

शेवटचे टप्पे

पेडल कडक झाल्यावर अर्धा मिनिट जोरात दाबून धरा आणि दोन्ही सिलिंडरच्या मागे फडकं फिरवून ओल तपासा. पेडल पंधरा-वीस वेळा दाबा, म्हणजे ॲडजस्टर उरलेलं अंतर घेतो. त्यानंतरच हँडब्रेकची केबल ताणा, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टिकटिक संख्येइतकी, बहुतेक गाड्यांत पाच ते आठ. हँडब्रेक खाली केल्यावर दोन्ही चाकं मोकळी फिरायला हवीत.

चाकं लावून गाडी खाली घ्या, नट जमिनीवर असताना टॉर्क पान्याने आवळा. रिकाम्या रस्त्यावर आधी अगदी हळू ब्रेक तपासा. मग ताशी ५० किलोमीटरवरून १० पर्यंत बेताने वेग कमी करा, असं दहा-बारा वेळा, मध्ये थंड व्हायला वेळ देत. लायनर तापलेले असताना हँडब्रेक ओढून गाडी उभी करू नका.

परत आल्यावर दोन्ही मागच्या ड्रमजवळ हाताचा पंजा न टेकवता धरा. दोन्हीकडची ऊब सारखी लागली पाहिजे. एक बाजू जास्त तापली असेल तर त्याच दिवशी तो ड्रम पुन्हा उघडा. चाकांचे नट आणि टाकीतली ऑइलची पातळी आठवड्याने आणखी एकदा बघा.